मंद उजेडांतील छायाचित्रण आणि बेताच्या खर्चाचा कॅमेरा

आमच्या कळवण तालुक्यांत ज्या प्रसंगांची आठवण माणसें जन्मभर जपतात, त्यांतील बहुतेक प्रसंग दिवेलागणीनंतरचे असतात, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या लक्षांत कदाचित् आली नसेल. शाळेचें स्नेहसंमेलन सायंकाळीं सुरू होऊन रात्रीं संपतें. लग्नाची वरात, सप्ताहांतील कीर्तन, गणपतीची आरती हीं सर्व दिव्यांच्या उजेडांत होतात. मार्गशीर्षांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. पावरीच्या सुरावर रात्र रात्र फेर धरला जातो, आणि त्या वेळीं उजेड काय तो जाळाचा व चांदण्याचा. चैत्रांत सप्तशृंग गडावर यात्रा भरते, तेव्हां शिखरावर ध्वज लावणारा मानकरीही रात्रींच वर चढतो. परंतु याच प्रसंगांचीं छायाचित्रें सर्वांत वाईट निघतात. मग संमेलन जवळ आलें कीं पालक विचारूं लागतात, ‘रात्रींचें चित्र चांगलें यावें म्हणून कोणता कॅमेरा घ्यावा? खर्च मात्र बेताचा हवा.’ प्रत्येकास रस्त्यांत उभें राहून उत्तर देण्यापेक्षां तें एकदां लिहून काढावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम आमच्याच चुकीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका संमेलनाच्या रात्रीं आम्हीं स्वतः कॅमेरा हातीं घेतला होता. यंत्र बऱ्यापैकीं होतें. उणीव होती ती आमच्या ज्ञानांत. आय.एस.ओ. नांवाचा आंकडा वाढविला कीं चित्रांत ठिपके येतात, एवढें अर्धवट ज्ञान आम्हांस होतें, म्हणून तो आंकडा आम्हीं ४०० वरच ठेवला. परिणामीं कॅमेऱ्याचा पडदा प्रत्येक चित्रास पाव सेकंद उघडा राहूं लागला. चित्रें ठिपक्यांवांचून निघालीं खरीं, परंतु त्यांतील एकही चेहरा स्पष्ट नव्हता. माणसें हलतात, आणि पाव सेकंद हा हलणाऱ्या माणसास फार मोठा काळ असतो. त्याच रात्रीं नववींतील एका मुलीनें मामाचा जुना कॅमेरा आणून, आय.एस.ओ. ६४०० करून, कांहीं चित्रें काढलीं होतीं. तीं पाहून आम्ही म्हणालों, ‘अगं, यांत केवढी खरखर आहे! वार्षिकांत छापण्याजोगीं नाहींत हीं.’ ती बिचारी कांहीं बोलली नाहीं.

चार महिन्यांनीं एक पालक आमच्याकडे आले. त्यांच्या मातोश्री नातवाचें नाटक पाहावयास त्या रात्रीं पहिल्या रांगेंत बसल्या होत्या. त्या नुकत्याच निवर्तल्या होत्या, आणि त्यांचें अलीकडील असें एकही छायाचित्र घरांत नव्हतें. आमच्या चित्रांत आजी होत्या, परंतु त्यांचें तोंड ओल्या बोटानें पुसल्यासारखें दिसत होतें. डोळे, सुरकुत्या आणि ओठांवरचें हसूं स्पष्ट दाखविणारें चित्र एकच निघालें, आणि तें त्या मुलीचें होतें. त्यांत ठिपके होते. पण आजीही होत्या. त्या दिवशीं आम्हांस जें समजलें, तेंच या लेखाचें सार होय.

आतां हे ठिपके म्हणजे काय तें पाहूं. रात्रींचें चित्र मोठें करून पाहिलें असतां त्याच्या काळसर भागांत वाळू पसरल्यासारखे बारीक दाणे दिसतात. कांहीं करडे, कांहीं तांबडे, कांहीं हिरवे. छायाचित्रकार त्यांस ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट, असें म्हणतात. रेडिओचें स्टेशन नीट लागलें नाहीं म्हणजे गाण्याबरोबर जी खरखर कानीं येते, तिचीच ही डोळ्यांस दिसणारी बहीण होय. म्हणून आम्हीही तीस खरखर असेंच म्हणूं.

खरखर हा यंत्राचा दोष आहे व महाग यंत्रांत तो नसतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मुख्य कारण प्रकाशाच्याच स्वभावांत आहे. प्रकाश सुट्या सुट्या कणांच्या रूपानें पदार्थावर येऊन पडतो, असें आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं मांडलें, व तें पुढें प्रयोगांनीं सिद्ध झालें. आतां अशी कल्पना करा कीं अंगणांत शंभर वाट्या मांडून ठेवल्या आहेत. धोधो पाऊस आला तर सर्व वाट्या जवळजवळ सारख्याच भरतात. परंतु चार थेंबांची भुरभुर येऊन गेली, तर एका वाटींत तीन थेंब, शेजारच्या वाटींत सात, तर तिसरींत एकही नाहीं, असें आढळेल. यांत वाट्यांचा दोष नाहीं. थेंबच थोडे पडले. कॅमेऱ्याच्या आंत भिंगाच्या मागें जो प्रकाशग्राही तुकडा असतो, ज्यास सेन्सर म्हणतात, तो अशाच वाट्यांचें अंगण होय. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे २ कोटि ४० लक्ष वाट्या. उजेड भरपूर असला कीं शेजारशेजारच्या वाट्या सारख्या भरतात व भिंत भिंतीसारखी सपाट दिसते. उजेड थोडा असला कीं त्या कमीजास्त भरतात व तीच भिंत दाणेदार दिसते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस वर्गमूळ ठाऊक आहे, त्यांच्यासाठीं याचा हिशेब देतों. वाटींत सरासरीनें जितके कण पडतात, त्या संख्येच्या वर्गमुळाइतका फरक वाटीवाटींत पडतो, असा निसर्गाचा नियम आहे. सरासरी १०,००० कण असतील तर फरक सुमारें १०० चा, म्हणजे शेंकडा १. तो डोळ्यांस दिसतही नाहीं. सरासरी १०० कण असतील तर फरक १० चा, म्हणजे शेंकडा १०. आणि ९ च कण असतील तर फरक ३ चा, म्हणजे तब्बल एकतृतीयांश. यंत्राची स्वतःची विद्युत्-खरखर व उष्णतेनें होणारी खरखर हीं यांत भर घालतात. पण नव्या यंत्रांत तीं बरींच कमी झालीं आहेत. मूळ नियम मात्र कितीही पैसा खर्चला तरी बदलत नाहीं. यावरून एकच सूत्र निघतें: खरखर कमी करावयाची तर अधिक प्रकाश गोळा करावा. पुढें जें जें सांगावयाचें आहे, तें सर्व या एका सूत्राचाच विस्तार आहे.

येथें एक प्रश्न उपस्थित होतो. मांडव तर आपणांस चांगला उजळलेला दिसतो. मग कॅमेऱ्यासच अंधार कां वाटावा? याचें उत्तर असें कीं आपला डोळा फसवितो. भर दुपारच्या उन्हाचें मोजमाप सुमारें १ लक्ष लक्स इतकें भरतें. चांगला उजेड असलेल्या वर्गांत तें तीनचारशें असतें, घरांत रात्रींच्या दिव्याखालीं पन्नास ते शंभर, आणि पौर्णिमेच्या चांदण्यांत एका लक्सच्या चतुर्थांशाच्या आसपास. म्हणजे ऊन आणि घरांतील दिवा यांत हजार पटींचा किंवा त्याहूनही मोठा फरक असतो. परंतु डोळा व मेंदू मिळून तो इतका बेमालूम झांकून टाकतात कीं आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. कॅमेरा हा प्रामाणिक कारकून आहे. जितके कण आले तितकेच तो लिहितो.

प्रकाशाची ही चणचण छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. लुई दागेर यांची रीत १८३९ सालीं पॅरिस येथें जाहीर झाली, तेव्हां एका चित्रासाठीं भर उन्हांतही मिनिटांच्या हिशेबानें थांबावें लागे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांत मोडतात. त्या सर्वांचा सोबती एकच, तो म्हणजे सूर्य. आमच्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांचीही तीच गोष्ट. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें ठराविक अंतरानें एक एक घेऊन अंकुर वाढतांना दाखविला. आणि ३ मे १९१३ रोजीं ज्याचा खेळ मुंबईच्या कॉरोनेशन गृहांत सुरू झाला, तो ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनीं दादर येथें उघड्या उजेडांत, सूर्य असेपर्यंत, चित्रित केला. रात्रीं फिती धुवावयाच्या, आणि त्या कामीं सरस्वतीबाईंनीं बरोबरीनें राबावयाचें, असा त्यांचा क्रम होता. ज्यांच्याजवळ दिव्यांचें भांडवल नव्हतें, त्यांनीं उजेडाचें वेळापत्रक संभाळलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

अंधारांतील छायाचित्रणाचें आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत थोर उदाहरण म्हणजे अजिंठा. मेजर रॉबर्ट गिल यांस १८४४ सालीं तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम मिळालें. वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळून गेल्या. प्रखर उजेडानें जुने रंग बिघडतात, म्हणून लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तेव्हां ज्यांस तीं चित्रें टिपावयाचीं, त्यांस मंद उजेडांतच काम करणें भाग पडलें. बिनॉय बहल यांनीं अशा रीतीनें घेतलेलीं छायाचित्रें १९९८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. आणि आमच्या नाशिकचे प्रसाद पवार यांनीं तर अनेक वर्षें याच कामास वाहिलीं व संगणकाच्या साह्यानें नष्ट झालेल्या भागांची पुनर्रचना करण्याचा उद्योग चालविला. त्यांचें मुख्य साधन अगदीं साधें आहे: अचल ठेवलेला कॅमेरा आणि धीर. भिंत हलत नाहीं. म्हणून पडदा पुष्कळ वेळ उघडा ठेवून थेंब थेंब प्रकाश सांठवितां येतो.

आजच्या कॅमेऱ्यांतील सेन्सरचा उगम १९६९ सालच्या एका शोधांत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनीं तो लाविला, आणि त्याबद्दल २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं कोडक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांत अवघ्या १० हजार वाट्या होत्या, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज खिशांतल्या मोबाईलांत कोट्यवधि वाट्या असतात. परंतु वाट्यांची संख्या वाढविली म्हणून पाऊस वाढत नाहीं, हें जाहिरात वाचतांना विसरूं नये.

अधिक प्रकाश गोळा करण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, अंगण मोठें असणें, म्हणजे सेन्सरचें क्षेत्रफळ. ज्यास ‘फुल-फ्रेम’ म्हणतात तो सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ रुंद, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. ‘एपीएस-सी’ जातीचा सुमारें ३६५ चौरस मिलिमीटर भरतो. लांबचें जवळ दाखविणाऱ्या पुष्कळशा लहान कॅमेऱ्यांत तो २८ च्या आसपास असतो. म्हणजे एपीएस-सी सेन्सर अशा लहान कॅमेऱ्याच्या तेरा पट मोठा. आणि भिंगाचा आंकडा व वेळ हीं सारखीं असतां प्रकाशही तेरा पट गोळा करतो.

दुसरा मार्ग म्हणजे दार मोठें असणें. भिंगाच्या मुखावर एफ १.८, एफ ३.५ असे आंकडे असतात. हा आंकडा जितका लहान तितकें दार मोठें, असा हा उलटा हिशेब आहे, आणि नवख्यांची चूक येथेंच होते. प्रकाश या आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत येतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें सामान्य भिंग बहुधा एफ ३.५ ते ५.६ चें असतें, आणि लांबचें जवळ घेतलें कीं तें ५.६ वर जातें. एफ १.८ चें भिंग त्या ५.६ च्या मानानें साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आंत घेतें. मोठ्या सेन्सरच्या महाग कॅमेऱ्यानें जें साधावयाचें, तें कित्येकदां या एका स्वस्त भिंगानें साधतें.

तिसरा मार्ग म्हणजे दार अधिक वेळ उघडें ठेवणें. हा फुकटचा आहे, पण समोरची वस्तु स्थिर असेल तरच उपयोगी पडतो.

मग आय.एस.ओ. म्हणजे काय? तो प्रकाश गोळा करीत नाहीं. गोळा झालेल्या प्रकाशाची खूण मोठी करून दाखवितो. कीर्तनकार हळू बोलूं लागले म्हणून कोणी कर्ण्याचा आवाज वाढविला, तर बुवांचा स्वर वाढतो, तशी कर्ण्यांतली खरखरही वाढते. बुवांनीं मोठ्यानें बोलणें ही गोष्ट निराळी. परंतु म्हणून कर्णाच बंद ठेवला तर मागच्या रांगेस कांहींच ऐकूं येणार नाहीं. आमची पूर्वींची चूक नेमकी हीच होती. आय.एस.ओ. ४०० वर पाव सेकंद लागत होता. तोच ६४०० केल्यास, म्हणजे सोळा पट वाढविल्यास, सेकंदाच्या चौसष्टाव्या भागांत काम झालें असतें, आणि आजी हलल्या असत्या तरी पुसल्या गेल्या नसत्या. खरखर मागाहून कमी करतां येते. हललेलें चित्र मागाहून सुधारत नाहीं. हें वाक्य विद्यार्थ्यांनीं वहींत लिहून ठेवावें.

आतां खरेदीकडे वळूं. पालकांस आमची पहिली विनंति अशी कीं कॅमेऱ्यासाठीं कर्ज काढूं नये. कांद्याच्या पट्टीवर ज्या घरचा वर्षाचा हिशेब बसतो, तेथें भाव कोसळल्यावर हप्ते डोईजड होतात. आधीं घरांतील मोबाईल पुरतो कीं काय तें पाहावें. हल्लींच्या मोबाईलांत रात्रींच्या चित्रांची जी सोय असते, ती एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांची सरासरी काढते. चार चित्रांची सरासरी काढिली कीं खरखर निम्मी होते, सोळांची काढिली कीं चौथाई. हा त्याच वर्गमुळाचा प्रताप होय. देवळाची दीपमाळ किंवा स्वस्थ बसलेले आजोबा यांसाठीं हें साधन उत्तम. नाचणाऱ्या मुलांसाठीं मात्र तें अपुरें पडतें.

मोबाईल अपुरा पडत असेल तर बदलत्या भिंगाचा, एपीएस-सी सेन्सरचा, वापरलेला कॅमेरा घ्यावा. येथें जुनें म्हणजे टाकाऊ असें मुळींच नाहीं. प्रकाशाचा नियम नव्या यंत्रासही मोडतां येत नसल्यामुळें, दहा वर्षांपूर्वींचा चांगला सेन्सर आणि आजचा सेन्सर यांतील अंतर जाहिरातींत वाटतें तितकें नाहीं. २०१४ सालीं निघालेला सोनीचा ए६००० किंवा २०१८ सालीं निघालेला निकॉनचा डी३५०० हे या वर्गांतील २४ मेगापिक्सेलचे चांगले नमुने होत. डी३५०० कंपनी आतां बनवीत नाहीं, पण वापरलेला मिळतो. मेगापिक्सेल २४ हून अधिक असण्याची आपल्या कामास गरज नाहीं.

पैशाची वांटणी करतांना कॅमेऱ्यावर सर्व खर्चून भिंगास कांहींच न ठेवणें म्हणजे बैलजोडी घेऊन नांगर विसरण्यासारखें आहे. एफ १.८ चें, एकाच अंतराचें, ३५ किंवा ५० मिलिमीटरचें भिंग हें मोठ्या दाराच्या भिंगांतील सर्वांत स्वस्त असतें. खोलींतील व मांडवांतील कामास ३५ चें सोयीचें. रंगमंचावरील एकटादुकटा नट प्रेक्षकांतून टिपावयाचा तर ५० चें. भिंग कॅमेऱ्यास जुळतें कीं नाहीं तें दुकानांतच लावून पाहावें. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी३५०० मध्यें भिंग फिरविणारी मोटार नाहीं. म्हणून जुन्या ‘एएफ’ जातीचें ५० मिलिमीटरचें भिंग त्यावर बसतें खरें, पण आपोआप नेम धरीत नाहीं. त्यासाठीं ‘एएफ-एस’ जातीचें घ्यावें लागतें.

वापरलेला कॅमेरा घेतांना चार परीक्षा कराव्या. भिंगाला झांकण लावून दहा-पंधरा सेकंदांचें चित्र घ्यावें. काळ्या चित्रांत पांढरे-तांबडे तारे पुष्कळ चमकले तर सेन्सर थकला असें समजावें. भिंगांतून विजेरी दाखवून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसल्यास ती बुरशी होय, व तें भिंग घेऊं नये. पांढऱ्या भिंतीचें चित्र एफ १६ वर घेऊन काळे डाग पडतात कीं काय तें पाहावें; पडल्यास सेन्सरवर धूळ आहे. शेवटीं पडदा आजवर किती वेळां उघडला त्याचा आंकडा विचारावा आणि मूळ पावती मागावी. मान देऊन विचारलें तर प्रामाणिक विक्रेता रागावत नाहीं.

यंत्र हातीं आल्यावर पहिलें काम म्हणजे दिवा जवळ आणणें. दिव्याचें अंतर निम्में केलें कीं चेहऱ्यावरील प्रकाश चौपट होतो. लहान दिवा चार हातांवरून दोन हातांवर आणणें यास एक पैसाही लागत नाहीं, आणि हजारों रुपयांच्या यंत्रानें जें साधतें तें त्यानें साधतें. घरांतील म्हाताऱ्या माणसांचें चित्र सकाळीं दाराशीं किंवा खिडकीशीं बसवून घ्यावें. रात्रींची हौस तेथें करूं नये. फ्लॅश वापरावयाचा तर तो पांढऱ्या छताकडे वळवून उडवावा, म्हणजे उजेड मऊ पडतो. सभागृहाच्या टोंकावरून रंगमंचावर फ्लॅश उडविणें मात्र व्यर्थ. त्याचा प्रकाश पुढच्या रांगेच्या डोक्यांवरच संपतो.

दुसरें काम म्हणजे वेळ ठरविणें. बसून बोलणाऱ्या माणसास सेकंदाचा साठावा भाग, चालणाऱ्यास सव्वाशेवा, नाचणाऱ्यास अडीचशेवा, असें साधारण मान आहे. आधीं हा वेळ ठरवावा, भिंगाचें दार पूर्ण उघडावें, आणि मग आय.एस.ओ. लागेल तितका, ३२०० म्हणा, ६४०० म्हणा, वाढूं द्यावा. चित्र काळें काढून मागाहून उजळ करण्याचा मोह टाळावा. काळ्या भागांत कण मुळांतच थोडे असतात, आणि उजळ केलें कीं सर्व खरखर वर येते. उलट, चेहरा पांढराफटक होणार नाहीं इतपत उजळ चित्र काढणें केव्हांही बरें. आपल्या देशांत वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे, म्हणून ट्यूब व कांहीं एलईडी दिवे सेकंदास १०० वेळां मंद-तेज होतात. चित्रांत आडवे पट्टे दिसूं लागल्यास वेळ एकपन्नासांश किंवा एकशतांश सेकंद ठेवावा, म्हणजे ते जातात.

तिसरें, कॅमेरा स्थिर धरणें. तिपाई नसेल तर शेरभर बाजरी भरलेली कापडी पिशवी गडग्यावर ठेवून तींत कॅमेरा बसवावा. ती वाटेल त्या आकारास वळते व कॅमेरा जागचा हलत नाहीं. आणि कॅमेऱ्यांत ‘रॉ’ जातीचें मूळ चित्र सांठविण्याची सोय असेल तर ती वापरावी. त्यांत पुढें सुधारणेस पुष्कळ वाव राहतो.

येथें एक गोष्ट तंत्राची नव्हे, पण तंत्रापेक्षां महत्त्वाची सांगतों. डोंगऱ्यादेवाचा फेर असो कीं कोणाच्या घरचें जागरण असो, भगतास किंवा घरच्या वडील माणसास विचारल्यावांचून कॅमेरा उचलूं नये, आणि उचलल्यास फ्लॅश उडवूं नये. ज्या जाळाच्या उजेडांत तीं माणसें श्रद्धेनें बसलीं आहेत, त्याच उजेडांत आपणही काम करावें. नाहीं म्हटलें तर कॅमेरा पिशवींत ठेवून पाहत बसावें. तेंही एक शिक्षणच आहे.

राहिली मागाहून करावयाची सफाई. संगणकावर डार्कटेबल, रॉथेरपी व गिंप हीं साधनें विनामूल्य मिळतात. आधीं रंगीत ठिपके घालवावे. ते डोळ्यांस सर्वांत अधिक खुपतात, आणि त्यांस काढल्यानें चेहऱ्याचें फारसें नुकसान होत नाहीं. करडे दाणे मात्र हात राखून कमी करावे. ते पार पुसून टाकले तर सुरकुत्या, केंस व कापडाची वीणही पुसली जाते आणि माणूस मेणाचा दिसूं लागतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें खरखर घालविणारीं साधनें निघालीं आहेत, आणि तीं थक्क करणारें काम करतात. पण जेथें चित्रांत माहितीच नव्हती तेथें तीं अंदाजानें भर घालतात, हें विसरूं नये. फुलाच्या चित्रांत तो अंदाज चालेल. आजीच्या चेहऱ्यांत दुसऱ्याच कोणाच्या डोळ्याचा अंदाज मिसळणें आम्हांस तरी रुचत नाहीं. कांहीं झालें तरी मूळ चित्र जसेंच्या तसें जपून ठेवावें.

शिवाय, पुष्कळशी खरखर छापतांना आपोआपच नाहींशी होते. २४ मेगापिक्सेलचें चित्र ६,००० ठिपके लांब व ४,००० रुंद असतें. तें वार्षिकांत सहा इंच लांब व चार इंच रुंद छापावयाचें तर, इंचास ३०० ठिपके या हिशेबानें, १,८०० गुणिले १,२०० इतके ठिपके पुरतात. म्हणजे मूळच्या सुमारें अकरा वाट्या मिळून छापील एक ठिपका होतो, आणि खरखर तिपटीहून अधिक घटते. संगणकाच्या पडद्यावर चित्र चौपट मोठें करून त्यांतील दाणे मोजीत बसणें, म्हणजे भाकरी खाण्याऐवजीं तिचीं छिद्रें मोजण्यासारखें आहे.

आजींच्या चित्राचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. त्या मुलीच्या मूळ चित्रांतून आजींचा भाग वेगळा केला, रंग काढून तें काळें-पांढरें केलें, म्हणजे रंगीत ठिपके समूळ गेले. करड्या दाण्यांस आम्हीं हातही लाविला नाहीं. पोस्टकार्डाएवढें छापल्यावर ते दाणे जुन्या फोटोंतल्या दाण्यांसारखे शोभूं लागले. तें चित्र आज त्या घरांत देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर आहे. आम्हीं त्या मुलीस बोलावून, तिचीं चित्रें बाजूस टाकण्यांत आमची चूक झाली असें सर्व वर्गासमोर सांगितलें. ती म्हणाली, ‘गुरुजी, मला खरखर दिसलीच नाहीं, मी आजींकडे पाहत होतें.’

विद्यार्थ्यांनों, कॅमेरा नवा असो वा जुना, आपला असो वा मामाचा, पाहावयाचें तें हेंच. पालकांसही आमची सूचना आहे कीं प्रत्येक घरानें निराळा कॅमेरा घेण्यापेक्षां चार घरांनीं मिळून एक वापरलेला कॅमेरा व एक एफ १.८ चें भिंग घ्यावें, आणि तें मुलांच्या हातीं विश्वासानें द्यावें. पुढच्या संमेलनापर्यंत रोज सायंकाळीं घरच्या दिव्याखालीं एक चित्र काढण्याचा अभ्यास ठेवा. आणि पहिलें चित्र घरांतील सर्वांत वडील माणसाचें काढा.